सात नंबरचे नातेवाईक

आयसीयूच्या बाहेर आपलं नाव कुणी घेत नाही. स्पीकरवर "बेड नंबर सात, नातेवाईक" आलं की चटईवरून उठायचं, चप्पल सापडली तर घालायची नाहीतर तसंच पळायचं. अकरा दिवस मी सात नंबर होते. आठ नंबरवाले काका करमाळ्याचे, त्यांचा मुलगा आत. आम्हाला एकमेकांची नावं शेवटपर्यंत कळली नाहीत, पण त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी रोज खाल्ली.

दादा साताऱ्याहून पुण्याला येत होता. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर ते एस वळण आहे ना, तिथे बाइक घसरली. १०८ वाल्यांनी आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला. हेल्मेट होतं, गाडीच्या आरशाला अडकवलेलं. मित्राने ते आणून दिलं तेव्हा त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. मला इतका राग आला की मी ते कारच्या डिकीत फेकलं आणि वर सतरंजी टाकली, दिसायलाच नको.

ऑपरेशन रात्रीच झालं. मेंदूला सूज होती म्हणून कवटीच्या हाडाचा एक तुकडा काढला आणि ठेवला कुठे, तर त्याच्याच पोटाच्या कातडीखाली, सूज उतरल्यावर पुढे कधीतरी परत बसवायला. डॉक्टर इतकं सहज सांगत होते की जणू उरलेलं दही फ्रीजमध्ये ठेवलंय. मी सह्या केल्या. आईला हे सांगितलंच नाही.

तिथे सगळे एकाच आकड्याबद्दल बोलतात, जीसीएस. माणूस किती शुद्धीवर आहे याची ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेली मोजणी, डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. यात शून्य नाहीच, माणूस कशालाच काही करत नसला तरी ३ मिळतात. दादा आला तेव्हा ६ होता. नंतर घशात नळी घातली म्हणून बोलण्याचे मार्क धरेनात, तिथे नुसतं टी लिहायचे. दहावीला गणितात काठावर सुटलेला माझा भाऊ, आणि मी परत सगळ्यांना त्याचे मार्क विचारत फिरतेय.

आत सोडायचे सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, एकालाच. पहिल्या दिवशी मी चुकीच्या बेडपाशी उभी राहणार होते, कारण डोकं भादरलेलं, तोंड सुजलेलं, डोळा जांभळा, तो माझा भाऊ वाटतच नव्हता. पायाच्या अंगठ्याचं नख बघितलं तेव्हा पटलं, चौथीत क्रिकेट खेळताना मोडलेलं, तेव्हापासून वाकडंच. मग मी रोज पायच धरून उभी राहायचे. आमच्याकडे भावाबहिणीने एकमेकांना हात लावायचा म्हणजे राखी, भाऊबीज, नाहीतर मारामारी.

सिस्टर म्हणायच्या, बोला त्यांच्याशी, ऐकू जात असेल. काय बोलणार? "दादा, ए दादा, बाइकचा हप्ता कुठल्या अकाउंटमधून जातो रे?" हे बोलले मी. शेजारच्या बेडच्या बाई त्यांच्या नवऱ्याच्या कानात रामरक्षा म्हणत होत्या आणि मी हप्ता. व्हेंटिलेटर आपला एका लयीत फुसफुसत होता, आणि मी कधी त्याच्याच लयीत श्वास घ्यायला लागायचे कळायचंही नाही.

आई खालीच बसायची, तिला आत बघवेना. मी खाली आले की एकच प्रश्न, "जेवला का?" मी सांगायचे, नाकातल्या नळीतून दिलं, २०० एमएल. "मीठ असतं का गं त्यात?" आता काय सांगायचं. असतं म्हणायचे.

बाकी पोलिसांचा जबाब, रक्ताच्या बदल्यात रक्त द्यायला त्याचे मित्र गोळा करणं, मेडिकलची बिलं, ते सगळं झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ज्युनिअर डॉक्टरने नेहमीसारखा त्याच्या खांद्याजवळ जोरात चिमटा काढला. रोज फक्त हात थोडा आखडायचा. त्या दिवशी उजवा हात हळूहळू वर आला, चाचपडला, आणि त्याने डॉक्टरचं मनगट ढकललं. डॉक्टर म्हणाला, हालचालीचे पाच. मी जिना उतरताना दोनदा अडखळले, आईला सांगितलं, आई त्याने हात ढकलला, डॉक्टरने चिमटा काढला तर त्याने चक्क हात ढकलला!

आई म्हणाली, "चिमटा कशाला काढला मेल्याने?"