जेवून घेतली तरी

"ऑपरेशन पोटाचं झालंय, गोळी गुडघ्याची मागतोय. आणि जेवून घेतो की!" नवी पेठेतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर एक काका सांगत होते. वजन कमी करण्यासाठीची जठराची बायपास होऊन जेमतेम दोन महिने, आणि बोट डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीच्या पट्टीकडे.

ते 'जेवून घेतो' काही डोक्यातून जाईना.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या रक्तातूनही जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात, आणि त्या आतड्याला आम्ल सोसत नाही. मग नेमका जोडावरच अल्सर होतो. रक्तस्राव, कधी चक्क भोक. आधी भाकरी खाल्ली म्हणून हे टळत नाही. बिडी-सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. दुखलंच तर सहसा पॅरासिटामॉल, तेही सर्जनला विचारून.

बाकीच्या सूचनाही अशाच निसटतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं, म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, घट्ट वरण. कडक भाकरी फार पुढची गोष्ट.

ऑपरेशनआधीही तेच. यकृत लहान व्हावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. तेव्हा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घेतला नाही तर साखर धाडकन उतरते.

डिस्चार्ज कार्डावर 'या गोळ्या चालणार नाहीत' हे मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे?