प्लॉवदिवचं पहिलं लाल अंडं

ईस्टर म्हटलं की लोक चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेबद्दल लिहितात. मला मात्र बल्गेरियातला ईस्टर कळला तो स्वयंपाकघरात, ईस्टरच्या रविवारआधीच्या गुरुवारी सकाळी.

२०२४ साली ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा, ईस्टर ५ मे रोजी आला होता, पाश्चात्त्य ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी. इथलं चर्च सणाची तारीख अजून जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतं. प्लॉवदिव शहराच्या जुन्या भागात ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या आजींनी अंडी रंगवायला घेतली होती. अंडी रंगवायची ती गुरुवारी किंवा शनिवारी. शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मृत्यूच्या दिवशी, मात्र रंगवणं, भाजणं, शिवणं सगळं बंद. कांद्याची सालं पातेल्यात रटरटत होती. आजींनी अंड्यावर कोथिंबिरीसारखं दिसणारं पार्सलीचं पान चिकटवलं, जुन्या पातळ मोज्यात ते घट्ट बांधलं आणि पातेल्यात सोडलं. बाहेर निघालं तेव्हा तपकिरी अंड्यावर पानाची एकेक शीर उमटलेली! पूर्वी लाल रंगासाठी ब्रोश नावाची मुळी वापरत, आपल्या मंजिष्ठेचीच ती भावंड. आता पुडीतला रंग आणि व्हिनेगर.

पहिलं अंडं लालच हवं. ते गरम असतानाच आजींनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळावर, गालांवर फिरवलं. वर्षभर गाल लाल राहू देत, तब्येत धडधाकट राहू दे, असा तो आशीर्वाद. मग ते देवाच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि तिथलं गेल्या वर्षीचं अंडं काढलं. ते न कुजता आत सुकून गेलेलं असेल तर वर्ष चांगलं जाणार. गावाकडे असं जुनं अंडं शेतात किंवा द्राक्षमळ्यात पुरत, गारपीट होऊ नये म्हणून. पिकाची काळजी वाहणाऱ्या माणसांचा हा विश्वास मला अगदी आपला वाटला.

शुक्रवारी चर्चमध्ये ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र असलेलं भरजरी वस्त्र टेबलावर ठेवतात आणि लोक त्या टेबलाखालून वाकून जातात, आरोग्यासाठी. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा फुलं घेऊन रांगेत होत्या. कुणी तरी हात द्यायचं, त्या पलीकडे निघायच्या.

शनिवारी मध्यरात्री दिवे मालवले आणि पाद्री पेटती मेणबत्ती घेऊन बाहेर आले. ‘ह्रिस्तोस वोस्क्रेसे!’ ख्रिस्त उठला आहे. ‘वोइस्तिना वोस्क्रेसे!’ खरोखर उठला आहे. ज्योत हातोहात पसरत अंगणभर गेली. आता ती न विझू देता घरी न्यायची. सगळे तळहाताचा आडोसा धरून चढावरच्या दगडी गल्ल्यांतून जपून चालत होते.

त्याआधी चर्चच्या अंगणातच अंड्यांची टक्कर सुरू झाली होती. आपल्या अंड्याने दुसऱ्याचं फोडायचं. जे अंडं शेवटपर्यंत टिकेल ते ‘बोराक’, त्याच्या मालकाला वर्षभर आरोग्य. सात-आठ वर्षांची पोरं अंड्याचं टोक दाताला लावून कवचाचा आवाज आधीच पारखत होती.

रविवारी दीर्घ उपवासानंतरचं जेवण: कोझुनाक, म्हणजे लिंबाच्या सालीचा वास असलेला वेणीचा गोड पाव. चांगल्या कोझुनाकाचा तुकडा तोडला की त्याचे धागे सुटतात. आजींच्या कोझुनाकाचे सुटले, तेव्हा टेबलावर सगळ्यांनी दाद दिली. आणि त्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, ६ मे रोजी, संत जॉर्जचा सण ‘गेर्ग्योव्देन’ आला होता. त्या सणाच्या जेवणातल्या कोकराची तयारी रविवारी संध्याकाळीच सुरू झाली.

जाणार असाल तर शनिवारच्या रात्रीसाठी नको, बुधवारीच पोचा.