ओझर-दिल्ली-ओझर: दोन पीएनआर, सहा माणसं आणि एकत्र सीट मिळवण्याचा माझा अनुभव

आईला २३ई, बाबांना ९बी, मोठी माझ्याजवळ १६ मध्ये आणि धाकटा ह्यांच्याजवळ १७ मध्ये. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, काउंटरवरून सहा बोर्डिंग पास हातात आले तेव्हा मी ते तिथेच बॅगेवर मांडून दोनदा बघितले, कुठे आईच्या शेजारचा नंबर आपल्यापैकी कुणाकडे आहे का. नव्हता. आई ७१ वर्षांची, विमानात पहिल्यांदाच बसणार, आणि आदल्या रात्रीपासून एकच विचारत होती, "तू माझ्याजवळच बसशील ना गं?" आणि मी दर वेळी हो म्हटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आईचं आयुष्य पंचवटीत गेलं, रामकुंड घरापासून पायी अंतरावर, आजवर किती सिंहस्थ बघितले तिने, पण हरिद्वारची गंगा बघायची राहून गेली होती. म्हणून ठरवलं की ओझरहून दिल्लीपर्यंत विमानाने जायचं आणि पुढे गाडीने. रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. आमच्या चौघांची तिकीटं ह्यांनी काढली, आणि आईबाबांची पुण्याहून दादाने काढली कारण त्याला त्यांच्या ट्रिपचा खर्च स्वतः करायचा होता. फ्लाइट तीच, तारीख तीच, पण बुकिंग वेगळं म्हणजे पीएनआर (बुकिंगचा नंबर) वेगळा. तेव्हा ह्यात काही बिघडेल असं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. विमान कंपनीच्या कॉम्प्युटरला मात्र हे आईबाबा आपले कुणीच नाहीत, ते त्याच फ्लाइटचे दुसरे दोन प्रवासी आहेत, एवढंच कळतं. एका बुकिंगमध्ये साधारण नऊ माणसं बसतात, आम्ही तर सहाच होतो, एकत्र तिकीट काढून दादाने मला पैसे पाठवले असते तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. वेब चेक-इन, म्हणजे ॲपवरच सीट घेऊन बोर्डिंग पास काढणं, विमान सुटायच्या ४८ तास आधी उघडतं हे मला मेसेजमध्ये आलं होतं, पण घरात फराळाचे डबे, मुलांचे स्वेटर, बाबांच्या गोळ्या ह्या सगळ्यात मी म्हटलं एअरपोर्टवर लवकर जाऊ, तिथे सांगू. आदल्या रात्री दहाला सहज ॲप उघडलं तर सीटचा नकाशा जवळपास सगळा भरलेला, आणि मोकळ्या होत्या त्या सगळ्या मधल्या, बी नाहीतर ई, एक इथे एक तिथे. नंतर विचार केल्यावर कळलं हे असं का होतं ते. एकटा जाणारा माणूस आधी खिडकी घेतो नाहीतर आयल (चालायच्या वाटेलगतची सीट) घेतो, मधली सीट कुणी आपणहून घेत नाही, त्यामुळे जितका उशीर तितक्या ह्या सुट्या मधल्या सीट उरतात आणि दोन माणसांना शेजारी बसायला जागाच राहत नाही. तेव्हा पैसे देऊनही उपयोग नव्हता, विकत घ्यायला जोडीच नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने खरंच प्रयत्न केला. म्हणाली, "मॅडम, फ्लाइट फुल आहे, मुलांना तुमच्याजवळ दिलंय, आजी-आजोबांचं बुकिंग वेगळं दिसतंय." मुलांचं कसं झालं तर त्याचा नियम आहे. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायचीच. हा नियम लहान मुलं असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, कारण मुलाच्या काळजीने लोक घाबरून सगळ्या सीटचे पैसे भरून टाकतात. पण म्हाताऱ्या माणसांसाठी असा नियम नाही. आणि मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं की पहिल्यांदा विमानात बसणारी सत्तरीची बाई आणि सात वर्षांचं पोर ह्यांच्या भीतीत फार फरक नसतो.

आत गेल्यावर मी आईच्या शेजारच्या दोघांना विचारलं. एकाला खिडकी हवी होती म्हणून त्याने पैसे भरलेले, दुसऱ्याचे पाय लांब म्हणून त्याने आयल घेतलेली, आणि त्याबदल्यात मी देणार काय तर १६ मधली मधली सीट. नाही म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एअर होस्टेसने आईचा पट्टा लावून दिला. मी १६ मधून मान वळवून बघत होते, दोन सीटच्या फटीतून फक्त तिचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्या आणि पुढच्या सीटचा कप्पा घट्ट धरलेली बोटं. विमान धावायला लागलं तेव्हा ती बोटं पांढरी पडली. मला उठता येईना. पुढे दोन तास ती तशीच बसून होती, पाणीसुद्धा प्यायली नाही कारण शेजारच्याला उठवायचं कसं. दिल्लीला उतरल्यावर काही बोलली नाही, फक्त "येताना ट्रेनचं बघता येईल का गं?" म्हणाली. ते मला फार लागलं.

तर येतानाची तयारी मी हरिद्वारला पहिल्याच दिवशी सुरू केली.

आधी कस्टमर केअरला फोन. वीसेक मिनिटं लाइनवर थांबवलं, पण मुलगा चांगला बोलला. म्हणाला दोन पीएनआर आता एक करता येत नाहीत, पण दोन्ही बुकिंगवर रिमार्क टाकतो की हे एकत्र प्रवास करणारे आहेत आणि ज्येष्ठ नागरिकांना मदत लागेल. सीटची गॅरंटी नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. मग त्याला विचारलं की चेक-इन नक्की कधी उघडेल, तारखेने की तासाने. तासाने. आमचं विमान दुपारी पावणेतीनचं, म्हणजे दोन दिवस आधी बरोबर पावणेतीनला. हे विचारून घ्या, कारण प्रत्येक कंपनीची वेळ सारखी नसते, आणि बाहेरदेशी जायचं असेल तर वेगळी असू शकते.

मग संध्याकाळी मी आणि हे वही घेऊन बसलो. विमानात एका रांगेत सहा सीट, ए बी सी एका बाजूला, डी ई एफ दुसऱ्या. आईला खिडकी पाहिजे, म्हणजे तिला एका बाजूला तरी भिंत मिळेल आणि दुसऱ्या बाजूला मी. बाबांना बीपीच्या गोळीमुळे सारखं उठावं लागतं, म्हणजे आयल, आणि टॉयलेट जवळ असलेलं बरं. ह्याचा अर्थ मागच्या रांगा, ज्या बहुतेकांना नको असतात आणि म्हणून जास्त वेळ जोडीने मोकळ्या राहतात. पुढच्या रांगा आणि पंखाजवळच्या इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा महाग, शिवाय एक्झिटला लहान मुलं आणि म्हातारी माणसं बसवतच नाहीत, तेव्हा तिकडे बघायचंच नाही. अगदी शेवटची रांगही नको ठरवली, तिथे टॉयलेटसाठी लोक उभे राहतात. आणि बाजू कुठली? दुपारी दिल्लीहून नाशिककडे येताना विमान दक्षिणेकडे जातं, ऊन पश्चिमेला म्हणजे उजवीकडे, मग डावी बाजू म्हणजे ए. पंखाच्या मागे बसलं की खालची जमीनही दिसते. हे एवढं सगळं आईसाठी करताना मला फार बरं वाटत होतं, जाताना जे राहिलं होतं ते.

पैशाचंही ठरवलं. सगळ्या सहा सीट विकत घ्यायच्या नाहीत. आई आणि बाबांची खिडकी आणि आयल विकत, माझी मधली सीट बहुधा फुकट मिळेल. हे आणि दोन्ही मुलं एका पीएनआरवर आहेत, त्या नियमामुळे मुलं ह्यांच्याजवळच येणार, त्यांच्या सीट कॉम्प्युटरला देऊ दे.

चेक-इन उघडायच्या दिवशी सकाळी हर की पौडीला गेलो होतो. आईने गंगेत पाय सोडले आणि बराच वेळ बसून राहिली, पाणी बर्फासारखं होतं तरी उठेना. मला तिला उठवायचं जिवावर आलं पण दोन वाजता निघालो कारण घाटावर गर्दीत नेट चालत नव्हतं. धर्मशाळेच्या गच्चीवर रेंज चांगली होती हे मी आदल्या दिवशीच बघून ठेवलेलं. अडीचला आम्ही दोघं दोन फोन घेऊन गच्चीवर, माझ्या फोनवर आमचा पीएनआर, ह्यांच्या फोनवर दादाचा. दोन्हीकडे लॉगिन आधीच, आडनावं आधीच टाकलेली, कार्ड सेव्ह केलेलं. एक गोष्ट ऐन वेळी लक्षात आली की दादाच्या बुकिंगमध्ये मोबाइल नंबर त्याचा, म्हणजे काही कोड आला तर पुण्याला जाणार, म्हणून त्यालाही फोनवर धरून ठेवला, तो बिचारा ऑफिसात मीटिंग सोडून जिन्यात उभा.

दोन पंचेचाळीसला बटण चालू झालं. आधी ते बॅगेत ज्वलनशील काही नाही ना वगैरे टिक करायचं पान, मग सीटचा नकाशा. मागचा सगळा भाग मोकळा! काही सीट आधीच गेलेल्या, तिकिटासोबतच पैसे भरून घेतलेल्या असणार, पण २० च्या पुढे रांगाच्या रांगा रिकाम्या. मी आधी माझी २४बी घेतली, ती फुकट होती. इथे मोठ्ठं बटण असतं सीट न निवडता पुढे जायचं, घाईत तेच दाबलं जातं, ते आपल्या सीट ठरल्याशिवाय दाबायचं नाही. ह्यांनी त्याच वेळी आईला २४ए आणि बाबांना २४सी निवडली, प्रत्येकी ३५० रुपये, आणि पेमेंटला गेले तर बँकेचा ओटीपी येईना. एक मिनिट, दीड मिनिट. पैसे भरेपर्यंत सीट आपली होत नाही, नुसती निवडून ठेवलेली असते, आणि मी माझ्या फोनवर नकाशा बघतेय तर २३ची रांग डोळ्यांदेखत भरत चालली. शेवटी ओटीपी आला, ह्यांनी टाकला, पान गोल गोल फिरत राहिलं आणि मग दोन बोर्डिंग पास. २४ए, २४सी. मग मी माझ्याकडे ह्यांची नि मुलांची सीट न निवडता पुढे गेले आणि त्यांना आपोआप २६डी, ई, एफ आलं. दादा फोनवर विचारतोय "झालं का, झालं का" आणि मला उत्तर देता येईना, रडायलाच आलं.

खाली जाऊन आईला सांगितलं, की आपण शेजारी आहोत, नक्की. तिला पटेना. तिला स्क्रीनवर दोन्ही पास दाखवले तरी म्हणाली "कागदावर आहे का?" म्हणून बाजारात एका दुकानातून सगळ्यांचे प्रिंट काढून आणले. तिने स्वतः चष्मा लावून २४ए आणि २४बी वाचलं आणि तो कागद पर्समध्ये ठेवला.

एक सांगायचं राहिलं. चेक-इन झालं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. विमान बदललं तर सीट इकडेतिकडे होतात, म्हणून मी रोज रात्री आणि दिल्लीला निघताना परत बघितलं. आमचं काही बदललं नाही. आणि वेब चेक-इन झालेलं असलं तरी बॅगा द्यायच्या असतील तर वेळेत पोचावं लागतं, आमच्या फ्लाइटचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होणार होतं, दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये जीव टांगणीला लागतो, आम्ही तीन तास आधी पोचलो.

विमान धावायला लागलं तेव्हा आईने माझा हात दोन्ही हातांत धरला. जोरात. वर गेल्यावरसुद्धा सोडला नाही, पण हळूहळू पकड सैल झाली आणि मग ती खिडकीकडे वळली. ढग बघितले, मग खाली एक नदी दिसली तर विचारलं कुठली. पाणी मागितलं आणि प्यायली. बाबा दोनदा उठून आले, कुणाला उठवावं लागलं नाही. दोन रांगा मागून धाकटा "आजी" म्हणून हाक मारायचा आणि ती वळून हात करायची.

ओझर जवळ आलं, विमान खाली यायला लागलं आणि डावीकडे डोंगरांची रांग दिसली, उन्हात तांबूस. आई म्हणाली, "वणीचा गड असेल का गं हा?" सातमाळ्याचे डोंगर असणार, पण त्यातला नक्की कुठला ते मला सांगता येईना. तिने मात्र पट्टा लावलेला असतानाच हात जोडले. मग द्राक्षबागांचे हिरवे चौकोन आले, एकदम जवळ आले, आणि चाकं टेकली तेव्हा तिने परत माझा हात धरला.

उतरून बॅगांची वाट बघत होतो तेव्हा तिने माझ्याकडून फोन मागून घेतला आणि दादाला लावला. नमस्कार नाही, पोचलो नाही, पहिलंच वाक्य, "अरे, आम्ही तिघं एका ओळीत बसून आलो, मला खिडकी होती."