ऑइल कधी पाडायचं: मीटर बघून की पेट्रोल बघून?

गॅरेजमधून गाडी बाहेर पडते तेव्हा काचेच्या कोपऱ्यात एक स्टिकर लावलेला असतो: पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला. हा आकडा बहुतेक वेळा आजच्या मीटरमध्ये ५,००० मिळवून काढलेला असतो. समोरच्या खणात पडलेल्या मॅन्युअलमध्ये मात्र १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं छापलेलं असतं. मारुती, ह्युंदाई, टोयोटा, तिघांच्याही बहुतेक पेट्रोल गाड्यांचा सर्वसाधारण आकडा हाच. स्कोडा-फोक्सवॅगन तर १५,००० सांगतात. मग ऐकायचं कुणाचं?

५,०००चा आकडा पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळातला. तेव्हा कार्ब्युरेटर होता, सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत थेट ऑइलमध्ये जायचं. ऑइलही साधं मिनरल, २०डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा; लहान आकडा म्हणजे पातळ ऑइल). आजच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोल मोजून देतो, पिस्टनच्या रिंगा घट्ट बसतात, आणि सिंथेटिक ऑइल उष्णतेला पुष्कळ जास्त टिकतं. त्यामुळे महिन्याला दोनदा पुणे-नाशिक करणाऱ्याने ५,०००ला ऑइल पाडणं म्हणजे चांगलं ऑइल ओतून देणं.

पण मॅन्युअलचा १०,००० हा आकडाही बिनशर्त नाही. त्याच तक्त्याच्या पुढे ‘कठीण वापर’ असं एक प्रकरण असतं आणि तिथे बहुतेकदा मुदत निम्म्यावर येते. कठीण वापर म्हणजे काय? जवळच्या जवळ फेऱ्या, धूळ, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू, सतत घाट, भरलेली गाडी. ठाण्यात किंवा हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने ही यादी वाचावी. ती त्याच्याच रोजच्या दिवसाचं वर्णन आहे. हे पान सर्व्हिस सेंटरवाला सहसा दाखवत नाही, आणि आपण उघडत नाही.

मग आपली गाडी कुठल्या गटात हे कसं ठरवायचं? मीटरवरचे किलोमीटर इथे फसवतात. ऑइल खराब होतं ते रिंगांच्या फटीतून खाली येणाऱ्या जळक्या वायूंनी, कच्च्या इंधनाने, पाण्याच्या वाफेने आणि उष्णतेने. म्हणजे चाक किती फिरलं यापेक्षा इंजिनात इंधन किती जळलं हा जास्त प्रामाणिक हिशेब. समजा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक हायवेवर १८चा ॲव्हरेज देते, दुसरी शहरात ११चा. १०,००० किलोमीटरला पहिली ५५५ लिटर पेट्रोल जाळते, दुसरी ९०९ लिटर. पहिलीचे ५५५ लिटर हे माप दुसरीला लावलं तर तिचं ऑइल ६,१०० किलोमीटरच्या आसपास बदलायला हवं.

तासांचाही हिशेब होतो. हल्ली डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. ताशी ५० असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चाललं. ताशी २० असेल तर ५०० तास. त्याच २०० तासांचं माप लावलं तर शहरातली गाडी ४,०००लाच ऑइल मागते. हा आकडा जरा जास्तच कडक आहे, कारण सिग्नलला उभ्या इंजिनावर ताण कमी असतो. म्हणून मी इंधनाच्या हिशेबाला जास्त मान देईन आणि शहरातल्या गाडीसाठी ६,००० ते ७,००० धरेन. हायवेची गाडी बिनधास्त १०,०००.

सगळ्यात वाईट हाल कुणाचे? दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीचे नाहीत. तिचं इंजिन सकाळी एकदा गरम झालं की रात्रीपर्यंत गरमच राहतं. वाईट हाल त्या गाडीचे, जी रोज दीड-दोन किलोमीटरवरच्या भाजीबाजारात जाते आणि परत येते. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर जायला हवं; इंजिन थंड असेल तर त्या वाफेचं आतच पुन्हा पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑइल नव्हे. ऑइलला अजून बराच वेळ लागतो. आता पंपावर ई२० पेट्रोल आहे. त्यातलं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे ऑइल नीट तापलं तर उडून जाईल, नाही तापलं तर आतच राहील. शिवाय इथेनॉल पाणीही धरून ठेवतं.

पावसाळ्यात कोकणात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. झाकणाच्या आत खालच्या बाजूला पिवळट, दुधाळ, साईसारखा थर दिसतो. लोक घाबरतात, ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणतात, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनातलं पॅकिंग फाटलं. आधी कूलंटची टाकी बघा. पातळी उतरत नसेल आणि डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असेल तर ती नुसती साठलेली वाफ आहे. झाकण पुसा आणि गाडी अर्धा-पाऊण तास सलग हायवेला फिरवून आणा. कूलंट उतरतंय आणि डिपस्टिकवरही दुधाळ दिसतंय, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

वर्षाची अट असते ती याचसाठी. ‘गाडी वर्षात ३,०००च चालली, ऑइल कशाला बदलू?’ हा प्रश्न नेहमीचा. उत्तर: कमी चाललेली गाडी बहुधा थंडच चाललेली असते. आम्ल मारायला ऑइलमध्ये घातलेला क्षार संपत जातो आणि ओलावा साठतो. १२ महिने झाले की बदला. अशा गाडीला सहा महिने म्हटलं तरी मी हरकत घेणार नाही.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. डिझेल गाडीचं नवं ऑइल थोड्याच किलोमीटरांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. सीएनजी गाडीचं उलट: काजळी नाही, पेट्रोल मिसळणं नाही, ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं. पण तिथे जळण्याचं तापमान जास्त, त्यामुळे ऑइल ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या संयुगांनी आतून दाट होत जातं. दिसायला छान म्हणून १५,००० ओढलेली सीएनजी गाडी पुढे जाम झालेल्या रिंगा दाखवते. बोटांत चोळून ‘अजून दम आहे’ म्हणणारा मेकॅनिक अंदाज बांधतोय, मोजमाप करत नाही.

बीएस६ डिझेलवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल उशिरा फवारून त्यातली काजळी जाळते. मध्येच किल्ली बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. असं वारंवार झालं की डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढणं ही खुशखबर नव्हे. ते पातळ झालं आहे, आणि खूपच वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं, मग किल्लीने बंदही होत नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की किलोमीटर न बघता ऑइल पाडा. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ लिहिलेलं; नेमकं कोणतं ते मॅन्युअलमध्ये असतं. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

टर्बो पेट्रोलची वेगळी तऱ्हा. छोटं इंजिन, थेट इंजेक्शन, कमी आरपीएमला जोर. अशा इंजिनात ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो आणि पिस्टन फुटू शकतो. त्यात ऑइलमधल्या कॅल्शियमचा हात असतो हे लक्षात आल्यावर ऑइलची घडण बदलली. म्हणून टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी (२०२०चा दर्जा) किंवा त्याच्या पुढचंच घ्या. कपाटात पडलेला जुना एसएलचा डबा तिथे नको. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये, टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीच्या ऑइलने बेल्टचा रबर सुटतो, ते कण पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो.

‘आपल्याकडे ऊन जास्त, जरा जाड ऑइल टाका’ हा सल्ला तर फुकट मिळतो. चालत्या इंजिनात ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं, मग बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर. मारुतीच्या नव्या के-सिरीज इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे, कारण बेअरिंगच्या फटी, पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्या पातळपणावर बेतलेली आहे. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी वरच्या भागाला ऑइल पोचायला उशीर होतो. मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेड दिली असेल तर ती जरूर वापरा, पण तक्त्याबाहेर जाऊ नका.

दुचाकीचं गणित निराळं. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये, आणि ते ऑइल छोट्या गाड्यांत जेमतेम एक लिटर. गिअरचे दात ऑइलमधले लांब रेणू अक्षरशः दळतात, म्हणून ते लवकर पातळ होतं. हिरो आणि होंडाच्या छोट्या गाड्यांना साधारण ६,००० किलोमीटरची मुदत असते, पण मध्ये ३,०००च्या सुमारास पातळी बघून भर घालायची असते. ही भर विसरली जाते आणि ९०० मिलीतलं ३०० उडालेलं असतं. मोटरसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा. मोटारीचं गुळगुळीत ऑइल घातलं की ओला क्लच घसरतो: आवाज वाढतो, गाडी पळत नाही. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालतं.

आता पाडायची पद्धत. बदल घरी करा वा गॅरेजमध्ये उभं राहून करून घ्या, नजर कुठे ठेवायची ते कळलं पाहिजे. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा. कडक गरम असेल तर हात भाजतो, थंड असेल तर गाळ खालीच बसतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, आणि वर उचलली असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. आधी वरचं झाकण सैल करा, मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट. दहा मिनिटं धार आणि मग थेंब पडू द्या. नटाचं वायसर दर वेळी नवं. जुनंच चेपलेलं वायसर लावून गळती थांबवायला नट आवळत राहिलं की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, आणि पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी चेंबर बदलावा लागतो. छोट्या पेट्रोल इंजिनांना हा नट साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरलाच आवळायचा असतो; लांब पाइप लावून लटकायची गरज नाही.

मोटारीचा फिल्टर प्रत्येक बदलाला नवा. जुना काढताना त्याची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सुरू करताना ठीक वाटतं, आणि रस्त्यावर दाब आला की काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा, पुढे पाऊण फेरा. पाना लावून फिल्टर आवळायचा नाही, पाना फक्त काढायला.

भरताना डब्याकडे नाही, मॅन्युअलमधल्या मापाकडे बघा. बाजारात साडेतीन लिटरचा डबा मिळतो, इंजिन घेतं तीन-सव्वातीन, आणि ‘उरलेलं कुठे ठेवता’ म्हणून सगळं ओतलं जातं. जास्त ऑइलवर क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) आपटतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंग वंगण पावत नाही. थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, डॅशबोर्डवरचा लाल ऑइलकॅनचा दिवा विझला का बघा, बंद करा, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आलं की पुरे. डिस्प्लेवर ऑइलची आठवण असेल तर ती शून्यावर आणा. ती आठवण बहुतेक गाड्यांत ऑइल तपासत नसते, नुसती मोजत असते; रीसेट केली नाही तर चुकीचं मोजत राहील.

दोन बदलांच्या मधल्या काळात महिन्यातून एकदा डिपस्टिक बघणं हे १०,००० की ७,००० या वादापेक्षा मोलाचं आहे. इंजिन ऑइल खात असेल तर सगळ्यात उत्तम सिंथेटिकही ८,०००ला खालच्या खुणेखाली गेलेलं असेल. लाल ऑइलकॅन पेटायची वाट बघायची नाही; तो दिवा दाब गेल्याचा आहे, पातळी कमी झाल्याचा नाही. तो पेटला की बाजूला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद.

आणि ते जळकं ऑइल. गावाकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, शहरात गटारात जातं. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, ज्या गॅरेजमध्ये पिंप ठेवलेलं असतं तिथे द्या. परवानाधारक शुद्धीकरणवाले ते उचलून पुन्हा वंगण बनवतात. पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू नका, मग ते पिंपवालाही घेत नाही.