टाकी कोरडी, घरटं वर (मलबारी उडता बेडूक, जुलै)

टाकीवरच्या जांभळाला फेसाचं घरटं लागलंय हे मागे लिहिलं होतं, मादी मागच्या पायांनी फेस घुसळतेय आणि पाठीवर एक सोडून तीन नर, तोच फोटो. तर चौथ्या दिवशी तात्यांनी टाकीचं बूच काढलं. डास होतात म्हणे! घरटं दीड पुरुष उंच आणि खाली नुसतं शेवाळ. फेसातल्या अंड्यांतली पिल्लं सुटली की थेट खाली पडतात, म्हणजे सरळ सिमेंटवर.

बूच सापडेना. फडकं कोंबलं तर तासाभरात पाणी निम्म्यावर, त्यात लाईट गेली, पंप बंद. मग घमेलं ठेवलं, पण फांदी वाऱ्याने झुलते, नेम कसा लागणार? भिजवलेले साबुदाणे वरून टाकून बघितले, दहातले तीन घमेल्यात. फांदी कापून दुसरीकडे लावावी असंही डोक्यात आलं, पण फेस पानांना चिकटवलेला असतो, पानं सुकली की तो फाटणार, म्हणून हात लावला नाही. शेवटी भाताची जुनी ताडपत्री चार पोफळींना बांधून मधे खोलगट केली आणि एका रात्रीच्या पावसात ती आपोआप भरली. हे आधी का सुचलं नाही देव जाणे. काकी बघून म्हणाली, "बेडकांका पाळणो बांधतंस, आपल्या घरात कधी बांधतलंस?"

फेस वरून पापडासारखा वाळलेला, आत ओला. सातव्या रात्री धो धो पाऊस, फेस सैल होऊन ठिबकायला लागला आणि टप टप! सकाळी ३८ मोजली, शेवटची दोन फेसात अडकलेली, तीही दुपारी सुटली.

रात्री बघायला ऑनलाइन घेतलेल्या हेडलॅम्पमध्ये दुसऱ्याच दिवशी पाणी, सावंतवाडीच्या बाजारातली साधी बॅटरी लाल जिलेटीन कागद लावून मस्त चालते. बेडूक हवेत तरंगतानाचा फोटो मात्र यंदाही बोंबलला, दमटपणाने कॅमेऱ्याचा ट्रिगर मेला. ९ ते १२ मीटर जातो म्हणतात, माझ्यासमोर लाल पडदे उघडून पोफळीवरून पोफळीवर गेला आणि फ्रेममध्ये फक्त पोफळ. हुसकावून उडी मारायला लावणार नाही, ते मागेच ठरलंय.

पुढच्या पावसात नवा ट्रिगर घेणार होतो, पण लिहितालिहिता वाटतंय ताडपत्रीऐवजी काचेचं भांडं टांगावं आणि खालून मोबाईलने स्लो मोशन, पिल्लू पाण्यात शिरताना. काकीची लोणच्याची बरणी आहे. मागायची कशी तेवढं बघतो.