नमुना विकत घेतात, फुकट नेत नाहीत

गणपती जवळ आले की आमच्या गल्लीत "फूडवाले आलेत", म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचे तपासणी अधिकारी आलेत, अशी बातमी फिरते आणि बघता बघता अर्धी शटरं खाली येतात. मी शटर ओढत नाही. यात धाडस काही नाही, नियम एकदा नीट वाचून ठेवलेत एवढंच.

बेळगावच्या शहापुरात आमचं मिठाईचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. मुख्य माल कुंदा, त्याखालोखाल पेढे, दिवाळीत फराळ. बाबांच्या हिशेबात तपासणी म्हणजे साहेबांना खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि जाताना पाव किलोचा पुडा बांधून द्यायचा. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ पासून लागू झाला, पण तो पुडा काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

यंदा अधिकारी आले तेव्हा "बन्नी सर, कुत्कोळ्ळी" (या सर, बसा) म्हणून बसवलं. त्यांनी कुंद्याचा नमुना मागितला, वजन करून घेतला आणि काउंटरवरच्या दराने पैसे पुढे केले. बाबा लगेच, "छे छे, साहेबांकडनं पैसे कसले घेतोस?" मी घेतले आणि बिलही फाडलं. नमुन्याची किंमत दुकानदाराला द्यायची, असं कायद्यातच लिहिलंय. ते काही आपल्यावर उपकार करत नाहीत आणि आपणही करायचे नाहीत.

पुढचं सगळ्यांनी लक्षात ठेवा. साक्षीदार लागतो, आम्ही समोरच्या सायकलवाल्या मामांना बोलावलं. नमुना घेतल्याची नोटीस आपल्या हातात द्यायची असते, ती मागून घ्या. नमुन्याचे चार भाग करून सील करतात, त्यावर आपली सही. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यांच्या वरच्या साहेबांकडे. चौथ्याचं काय होतं हे बहुतेक दुकानदार विचारतच नाहीत. आपण मागणी केली तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. दोन अहवाल जुळले नाहीत तर रेफरल, म्हणजे वरच्या प्रयोगशाळेचा शब्द शेवटचा. विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस असतात आणि त्याविरुद्ध अपिलाला आपल्याला ३० दिवस. शटर ओढून पळणाऱ्याला या चौथ्या भागाचा फायदा कधीच मिळत नाही.

मग साहेब लेबलाकडे वळले. आमच्या डब्यावरचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नंबर २१२ ने सुरू होतो: २ म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी (परवाना असता तर १), १२ म्हणजे कर्नाटक. चंदगड रस्त्याने शिनोळीला गेलात की तिथल्या दुकानात हाच १२ जाऊन १५ येतो, आणि तपासायला येतात ते महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे लोक. आपल्याकडे हे काम आरोग्य खात्याखाली. कायदा मात्र दोन्हीकडे एकच, केंद्राचा. लेबलावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच. मराठी, कन्नड त्याच्या जोडीला चालतात, पण नुसत्या मराठीवर किंवा नुसत्या कन्नडवर भागत नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी की कन्नड यावरून इथे किती डोकी फुटलीत ते सगळ्यांना माहीत आहे. डब्याच्या मागच्या बाजूला मात्र कुणी भांडत नाही, कारण ती बाजू कुणी वाचतच नाही.

सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर "कधीपर्यंत खावी" ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. आमच्याकडे ती रोज सकाळी स्केचपेनने लिहितात. शेव-चिवडा वर्तमानपत्रात बांधायचा नाही, हा नियम २०१८ चा. तो आमच्या बाजारात किती पाळतात ते संध्याकाळी एक फेरी मारून बघा की. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरीतले कृत्रिम रंग बंद केले, तेव्हा गाड्यांवरची गोबी थोडे दिवस फिकी पडली होती. आता पुन्हा लाल दिसायला लागलीय.

पण माझी खरी काळजी लेबल नाही, खवा आहे. कुंद्याला जो तपकिरी रंग येतो तो दूध, खवा आणि साखर आटवून परतण्यातून, आणि त्या रंगाखाली खव्यातलं बरंच काही झाकलं जातं. कोरड्या वजनावर खव्यात किमान ३० टक्के दुधाचं स्निग्ध हवं, पिष्ट (स्टार्च) तर अजिबात नको. चिमूटभर खवा पाण्यात उकळून थंड करायचा आणि आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळा झाला तर त्यात स्टार्च आहे. ही बाटली आमच्या गल्ल्यात सुट्या पैशांशेजारीच असते. स्निग्ध किती ते मात्र तिला कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. नमुना कमी दर्जाचा निघाला तर दंड ५ लाखांपर्यंत, आणि कागदावर नाव दुकानाचं. खवा ज्याने दिला त्याचं बिल नसेल तर बोट कुणाकडे दाखवणार?

आमचा खवा खानापूरकडच्या एका खेड्यातून येतो. तिथल्या काकांकडे बिल मागितलं तर म्हणाले, "तुझ्या आज्ज्याला दूध घातलंय आम्ही, आणि तू बिल मागतोस काय रे?" खवा त्यांचा चांगलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सीलबंद डब्यावर आज्ज्याची आठवण चिकटवता येत नाही. शेवटी त्यांच्या मुलाला ऑनलाइन नोंदणी करून दिली. वर्षाची फी १०० रुपये. काकांनी नंबर आल्यावर तो कागद फ्रेम करून भट्टीच्या खोलीत लावलाय आणि खव्याचा दर किलोमागे दहा रुपयांनी वाढवलाय. "सरकारी झालंय आता," म्हणतात. दिले वाढवून, बिल येतंय.