बोत्नेहाया : समुद्राकडून सरळ चढू नका

काळ्या शेलमधली (पापुद्र्यांचा, गाळापासून बनलेला खडक) रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा धातू, पाहायला आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर निघणार असाल, तर आधी एवढंच ऐका. सासेनफ्योर्ड या खाडीच्या किनाऱ्यावर उतरून बोत्नेहाया डोंगराचा उतार सरळ चढू नका. मला सांगितलं होतं, अर्ध्या तासात कड्याखाली पोचाल. आम्हाला पावणेतीन तास लागले.

सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे मुरूम निसटला तरी खाली कातळ लागतो. हा शेल पापुद्र्यांनी सुटतो, पापुद्रे एकमेकांवरून सरकतात आणि खालची जमीन कायमची गोठलेली. जुलैत वरचा थर वितळतो, पाणी खाली मुरत नाही, सगळा उतार चिखलासकट वाहायला बघतो. एका टप्प्यावर चाळीस पावलं टाकूनही मी पाच हात वर सरकलो नव्हतो. गुडघा तिथेच गेला, लिहितानाही ठणकतोय. उतरताना ओढ्याच्या पात्रातून आलो. पाण्यानं थर कापून उघडे केलेत, पाय ठरतो आणि दगडातल्या गाठीही तिथेच जास्त दिसतात. गमबूट घाला आणि जाता-येता तोच रस्ता धरा.

गाठी म्हणजे फॉस्फेटच्या. हा मध्य ट्रायासिकचा, साधारण 24 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. तळाशी प्राणवायू कमी, त्यामुळे मेलेले जीव पुरते कुजले नाहीत. आजही दगड फोडला की तेलाचा वास येतो. त्या गाळात ॲपेटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज तयार झालं आणि कॅल्शियमच्या जागी जवळपास त्याच आकाराचे रेअर अर्थचे अणू शिरून बसले. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. चकाकणारा खडा शोधायला जाणाऱ्यानं जाऊच नये. प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं, आणि आढळ म्हणजे खाणीजोगा साठा नव्हे.

बोटीच्या पैशांत मी फसलो. ठरलेल्या भाड्यात बंदूकधारी वाटाड्या आणि थंड पाण्यापासून वाचवणारा पोशाख धरलेले नव्हते; धक्क्यावर पोचल्यावर दीडपट मागितले. सगळं लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. वाटाड्यावर मात्र काटकसर नको. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असावंच लागतं, आणि 2025 पासून अस्वलापासून किमान 300 मीटर, 1 मार्च ते 30 जून 500 मीटर अंतर बंधनकारक आहे.

व्हिसा दुहेरी प्रवेशाचाच घ्या. स्वालबार्ड शेंगेन या युरोपच्या सामायिक व्हिसा-क्षेत्राबाहेर आहे; एकेरी व्हिसावर ऑस्लोहून गेलात की परत शिरता येणार नाही. आणि भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र न्यू-ओलेसुंदला आहे, स्वालबार्डच्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनला, नाही. ते चालवणाऱ्या गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन संस्थेतल्या ओळखीवर तिथे मुक्काम मिळेल, ही आशा सोडा.

लाँगइयरब्येनमधले बाकीचे चार दिवस छान गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रात्री अकराला, लख्ख उन्हात, ओढ्याकाठी एक गाठ सापडली. लिंबाएवढी, काळी, हाताला जड. शेजारच्या पापुद्र्यावर डाओनेला शिंपल्यांचे ठसे, एकावर एक दाटलेले. तेव्हा गुडघा, पैसे, सगळं विसरलो. त्या क्षणासाठी मी पुन्हा जाईन. नमुने उचलण्याचे नियम सिसेलमेस्टरच्या (स्वालबार्डच्या राज्यपालाच्या) कार्यालयात आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून गाठ होती तिथेच ठेवून आलो.